रेस्टिक : काही महिने वापरून झाल्यावर

ऑफिसच्या सर्व्हरांचा बॅकअप रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरवर नेऊन आता बरेच महिने झाले. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालतं. पहिला बॅकअप रेंगाळतो, पुढचे भराभर होतात, कारण फायलींचे तुकडे पाडून त्यातले नवे तेवढेच पाठवले जातात. सगळं एन्क्रिप्ट होऊनच बाहेर पडतं.

पण मी ते निवडलं रिस्टोअरसाठी, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्यासाठी. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या बऱ्याच व्यवस्था होत्या, पण रोजचा डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) मुळात होतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेलही कुणाला मिळत नव्हते. शेवटी एका इंजिनिअरने सुमारे ६ तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) कामी आला. म्हणून आम्ही दर महिन्याला कोऱ्या मशीनवर सगळं परत उभं करतो आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवतो. ‘तासाभरात सुरू होईल’ असं अकाउंट्सवाल्यांना सांगायचं, तर हातात मोजलेला आकडा हवा. आधी काय उभं करायचं हेही त्यांच्याशी बोलूनच ठरलं : लॉगिन, मग बिलिंग, ईमेल त्यानंतर. हे कुठलंही सॉफ्टवेअर ठरवून देत नाही.

नुसती ‘चेक’ कमांड मुख्यतः रिपॉझिटरीची, म्हणजे बॅकअपच्या साठ्याची, रचना तपासते. साठवलेला डेटा खरोखर वाचून पडताळायला ‘रीड डेटा’ पर्याय द्यावा लागतो. वेळखाऊ आहे, पण टाळू नका. चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलू नका, डम्प घ्या. रॅन्समवेअरची (डेटा अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमची) धास्ती असेल तर रेस्ट सर्व्हर, म्हणजे बॅकअप साठवणारा रेस्टिकचा सर्व्हर, ‘अपेंड ओन्ली’वर (फक्त भर घालता येईल असा) ठेवा, म्हणजे घुसखोराला त्या वाटेने जुने स्नॅपशॉट पुसता येत नाहीत.

उणिवा आहेत. स्वतःचं वेळापत्रक नाही, क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) लावावा लागतो. बॅकअप चुकला तर ओरडणारी व्यवस्थाही आपणच करायची. आणि पासवर्ड गेला की डेटा कायमचा गेला, कुणीही सोडवून देऊ शकत नाही. एकाच रिपॉझिटरीला अनेक पासवर्ड देता येतात, तेव्हा एक कागदावर लिहून तिजोरीत ठेवाच, आणि ती तिजोरी सर्व्हरच्या इमारतीत नसावी.

कमांड लाइनची सवय असलेल्या छोट्या टीमने बिनधास्त घ्यावं. रात्री-अपरात्री फोनवर मदत लागणाऱ्यांनी सपोर्ट करार असलेलं काहीतरी बघावं.