संग्रहागणिक वेगळी आयटम-मांडणी: स्वतंत्र थीम की एकाच थीममध्ये अट?

प्रबंधांच्या संग्रहात मार्गदर्शकाचं नाव वर हवं, छायाचित्रांच्या संग्रहात लघुचित्र मोठं हवं. डीस्पेस या डिजिटल संग्रहांच्या सॉफ्टवेअरच्या एक्सएमएलयूआय या जुन्या वेब-इंटरफेसमध्ये हे दोन प्रकारे साधतं. निवड करताना संग्रह किती आहेत ते मोजू नका, फरक किती आणि कुठे आहे ते पाहा.

पहिला मार्ग स्वतंत्र थीमचा. एक्सएमएलयूआय डॉट एक्सकॉन्फ या फाइलमध्ये थीमचा (म्हणजे पानांच्या रूपाचा) नियम लिहून त्याला संग्रहाचा हँडल, म्हणजे त्याचा कायमचा ओळख-क्रमांक, द्यायचा. तो नियम संग्रहाचं मुखपृष्ठ, याद्या आणि आतले आयटम (एकेक प्रबंध, एकेक छायाचित्र) या सगळ्यांना लागू होतो. म्हणून शीर्षपट्टी, रंग, बोधचिन्ह असं सगळं रूपच वेगळं हवं असेल तर हाच मार्ग योग्य. नियम वरून खाली तपासले जातात आणि जुळलेला पहिला नियम चालतो. ‘सगळ्यांसाठी’ असलेल्या नियमाच्या खाली नवी ओळ लिहिली तर काहीच बदलत नाही, त्रुटीचा संदेशही येत नाही. ओळ बदलल्यावर टॉमकॅट हा वेब सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.

नव्या थीमसाठी मिराज या तयार थीमची अख्खी नक्कल करू नका. एक छोटी एक्सएसएल फाइल (एक्सएमएल माहितीचं वेबपान कसं करायचं ते सांगणारी) करा, तिच्यात मूळ फाइल ‘इम्पोर्ट’ करा आणि बदलायचा टेम्पलेट, म्हणजे मांडणीचा तुकडा, तेवढा लिहा. ‘इम्पोर्ट’ इतर सगळ्या सूचनांच्या आधी यायलाच हवं. त्याऐवजी ‘इन्क्लूड’ वापरलं तर एकाच नावाचे दोन टेम्पलेट समान दर्जाचे ठरतात आणि गाडी अडते. अख्खी नक्कल केली, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती प्रत्येक नकलेत करत बसावं लागतं.

दुसरा मार्ग एकाच थीममध्ये अट घालण्याचा. पानाच्या डीआरआय दस्तऐवजात (पानाचा मजकूर सांगणाऱ्या एक्सएमएलमध्ये) ‘फोकस’ घटक असतो. त्याच्या ‘कंटेनर’ या नोंदीत संग्रहाचा हँडल मिळतो, त्याआधी ‘एचडीएल’ आणि अपूर्णविराम असतो. तुलनेत हा उपसर्ग विसरला की अट कधीच खरी ठरत नाही.

खरी गफलत मात्र पुढे होते. आयटमचा मेटाडेटा (शीर्षक, लेखक अशी माहिती) मेट्स नावाच्या वेगळ्या एक्सएमएल दस्तऐवजातून येतो. त्यामुळे आयटमच्या टेम्पलेटमध्ये मुळापासून लिहिलेला एक्सपाथ (एक्सएमएलमधली जागा सांगणारा पत्ता) डीआरआयच्या नव्हे, मेट्सच्या मुळापासून शोधतो. उत्तर रिकामं येतं आणि दरवेळी ‘अन्यथा’ची शाखा चालते. उपाय साधा आहे: कंटेनरची किंमत फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर ग्लोबल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि आत तेच वापरा. चाचणी सर्व्हरचे हँडल प्रत्यक्ष सर्व्हरवर वेगळे असतात, तेही असेच वर एका जागी ठेवा.

एकच आयटम दोन संग्रहांत जोडलेला असेल तर कंटेनरमध्ये त्याचा मालक-संग्रहच येतो, वाचक कुठूनही आलेला असो. दोन-चार क्षेत्रांचाच फरक असेल तर थीम वाढवण्यापेक्षा आम्हाला हा मार्ग बरा वाटतो.

पण पुष्कळदा फरक संग्रहाचा नसून प्रकाराचा असतो. प्रबंध तीन संग्रहांत विखुरलेले असतील, तर हँडलऐवजी ‘टाइप’ या मेटाडेटा क्षेत्रावर अट घाला. मेटाडेटा तिथेच हाताशी असल्याने वरची गफलतच होत नाही. नोंदी मात्र एकसारख्या हव्यात. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा घोळ असेल तर ‘ट्रान्सलेट’ फंक्शन वापरा, कारण एक्सएमएलयूआय एक्सएसएलटी (एक्सएसएलची रूपांतराची भाषा) १.० वर चालतं आणि २.० ची फंक्शन्स इथे चालत नाहीत.

डीस्पेसचा दुसरा जुना इंटरफेस, जेएसपीयूआय, वापरत असाल तर एक्सएसएलटी लागतच नाही: डीस्पेस डॉट सीएफजी या सेटिंग-फाइलमध्ये क्षेत्रांची यादी आणि ती ज्या संग्रहांना लागू आहे त्यांचे हँडल, अशा दोन ओळी पुरतात.

कोणतीही वाट धरण्याआधी आवृत्ती पाहा. २०२१ मध्ये आलेल्या डीस्पेस ७ मधून हे दोन्ही इंटरफेस काढले गेले. तिथे हँडलनुसार थीम ठरवता येते, पण आयटमची मांडणी अँग्युलर या वेब-फ्रेमवर्कच्या कंपोनंटमध्ये करावी लागते, तिथे एक्सएसएल उपयोगी पडत नाही. स्थलांतर जवळ आलं असेल तर एक्सएसएलवर कमीत कमी वेळ घालवा आणि कोणत्या संग्रहात कोणतं क्षेत्र कोणत्या क्रमाने, याचा तक्ता वेगळा लिहून ठेवा. पुढे नेता येण्यासारखं तेवढंच आहे.