विंडोज 10 सोडून लिनक्स मिंट: जुन्या लॅपटॉपवरचा काही महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या लॅपटॉपवरचं विंडोज 10 काढलं आणि त्याच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत मिळणारी संगणकप्रणाली बसवली. तेव्हापासून माझं अनुवादाचं आणि मुद्रितशोधनाचं काम त्यावरच चालू आहे, संध्याकाळी मुलाचा अभ्यासही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर ते नव्याचे नऊ दिवस झाले असते, म्हणून मुद्दाम थांबले. आता लिहिते, कारण सपोर्ट संपलेल्या विंडोज 10 चा प्रश्न कितीतरी घरांत तसाच पडून आहे आणि ऑक्टोबर 2026 मध्ये तो पुन्हा डोकं वर काढणार आहे.

लॅपटॉप 2017 चा. इंटेलचा सातव्या पिढीचा आय5-7200यू प्रोसेसर, 8 जीबी रॅम, आणि मूळची हार्ड डिस्क काढून नंतर टाकलेली एसएसडी. की-बोर्ड उत्तम, स्क्रीन स्वच्छ, बिजागऱ्या घट्ट. मशीनमध्ये बिघाड म्हणावा असा काही नव्हता. पण विंडोज 11 कोणत्या प्रोसेसरवर चालेल याची जी यादी मायक्रोसॉफ्टनं केली, तिच्यात इंटेलचे मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. विंडोज 11 ला लागणाऱ्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी, टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट, माझ्याकडे होत्या, रॅम हवी त्याच्या दुप्पट होती. गाडी अडली ती एका पिढीवर. आणि 29 जुलै 2015 ला आलेल्या विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात ते असं ठेवणं मला पटत नव्हतं.

एक मधला मार्ग होता आणि अजून आहे. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून मिळतात. त्यासाठी 30 डॉलर किंवा आपल्या चलनात तेवढे पैसे भरायचे, नाहीतर आपल्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवायचा, नाहीतर 1000 रिवॉर्ड पॉइंट द्यायचे. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांसाठी मात्र बॅकअपची अट काढून टाकली, कारण तिथल्या युरोकन्झ्युमर्स या ग्राहकसंघटनेनं हा मुद्दा लावून धरला. हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. ग्राहक चळवळ आपल्याकडेही आहे, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था पन्नास वर्षं काम करताहेत. सॉफ्टवेअरची मुदत हाही ग्राहकाच्या हक्काचा विषय आहे, हे आपण मोठ्यानं बोलायला हवं. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिसनं डिसेंबर 2023 मध्येच अंदाज दिला होता की विंडोज 10 च्या या तारखेमुळे जगभरातले सुमारे 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. त्यातला एक माझ्या टेबलावर होता.

मिंटच का, तर ते उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर उभं आहे आणि मिंटच्या या 22 मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. 2006 साली क्लेमाँ लफेव्र यांनी सुरू केलेला हा प्रकल्प मुख्यतः देणग्या आणि प्रायोजकांवर चालतो. त्याचा सिनॅमन डेस्कटॉप विंडोजची सवय असलेल्या हाताला लगेच बसतो: खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. झोरिन ओएस 18 हे आणखी एक लिनक्स बरोबर 14 ऑक्टोबरलाच आलं आणि तेही दिसायला देखणं आहे. मला जास्त दिवसांची घडी बसलेलं काहीतरी हवं होतं. बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. मिंटची आयएसओ फाइल उतरवून पेनड्राइव्हवर चढवायची, त्यावरून मशीन सुरू करायचं, सगळं नीट चालतंय असं दिसलं की मगच इन्स्टॉल दाबायचं. फाइलींचा बॅकअप आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, एवढं एक पथ्य.

वेगाबद्दल तक्रारीला जागा नाही. सुरू झाल्यावर सव्वा जीबीच्या आसपास रॅम जाते, बाकीची ब्राउझरला मोकळी. आधी सकाळी लॅपटॉप उघडला की पंखा घोंघावत असायचा आणि मागे काय चाललंय ते कळायचं नाही. आता पंखा ऐकू येतो तो व्हिडिओ कॉल लांबला तरच. अपडेट आले की खालच्या पट्टीवर ढालीचं चिन्ह दिसतं, काय काय येणार त्याची यादी दिसते, मी मान्य केलं तर ते बसतात. काम अर्धवट असताना मशीन आपणहून रीस्टार्ट झालेलं नाही. ज्याला रात्री अकराला मजकूर द्यायचा असतो त्याला हे किती मोठं आहे ते विचारा. जोडीला टाइमशिफ्ट आहे: ते यंत्रणेची चालू स्थिती टिपून ठेवतं आणि एखादा अपडेट अंगावर आला तर आदल्या स्थितीत परतता येतं. बॅटरी विंडोजपेक्षा थोडी लवकर उतरते, माझा सगळा वापर चार्जरजवळ असल्यानं मला ते खटकत नाही. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालत नाही, पासवर्ड टाकते.

आता मराठीबद्दल, कारण माझा खरा कस तिथे होता.

टायपिंगसाठी काहीही वेगळं उतरवावं लागलं नाही. की-बोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी आहेच: इनस्क्रिप्टही आणि उच्चारानुसार टाइप करायचा प्रकारही. ज्यांना रोमनमधून मराठी उमटवायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस ही टायपिंगची सोय आणि तिचं एम17एन पॅकेज टाकलं की झालं. माझा हात इनस्क्रिप्टचा. ही मांडणी भारतीय मानक म्हणून ठरलेली असल्यानं विंडोजवर शिकलेली बोटं इथे जशीच्या तशी चालली. शिफ्टसह जे दाबलं की ऱ, मग डी दाबून त्याचा पाय मोडायचा, मग य, की ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ अचूक उमटतात, ‘दर्या’ आणि ‘सुर्या’ होत नाहीत. मुद्रितशोधन करणाऱ्याला या अर्ध्या ऱ ची किंमत माहीत असते. ब्राउझर, मेल, फाइलींची नावं, सगळीकडे जोडाक्षरं नीट दिसतात.

एमएस ऑफिसच्या जागी वापरायच्या मोफत लिब्रेऑफिसनं मात्र सुरुवातीला दमवलं. त्यातल्या वर्डसारख्या रायटरमध्ये फॉन्ट निवडला, आकार वाढवला, आणि मराठी मजकूर ढिम्म! कारण असं की रायटर प्रत्येक शैलीत इंग्रजीचा फॉन्ट वेगळा ठेवतो आणि देवनागरीसारख्या जटिल लिप्यांचा वेगळा. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ही जटिल लिपीची सोय चालू करायची, तिथे भाषा मराठी निवडायची, आणि मग शैलीतल्या त्या दुसऱ्या रकान्यात फॉन्ट व आकार ठरवायचा. एकदा नमुना-फाइल करून ठेवली की पुन्हा त्रास नाही. पण ही गोष्ट पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही, आणि ‘लिनक्सवर मराठी नीट चालत नाही’ असं म्हणणारे बरेच जण इथेच परतलेले असतात.

दुसरी गोष्ट फॉन्टची. मंगल, कोकिळा, निर्मला हे मायक्रोसॉफ्टबरोबर येणारे फॉन्ट इथे नसतात. प्रकाशकाकडून आलेली फाइल उघडली की दुसरा फॉन्ट लागतो, ओळी सरकतात, पानांची संख्या बदलते. मजकूर तपासायला त्यानं काही बिघडत नाही, पण ‘पान अमुक, ओळ तमुक’ अशा खुणा करायच्या असतील तर घोळ होतो. मी आता खुणा फाइलीतच करते. बदलांची नोंद आणि शेरे वर्डमधून रायटरमध्ये आणि परत, असे व्यवस्थित ये-जा करतात. माझ्या स्वतःच्या कामासाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, मुंबई आयआयटीचा शोभिका आणि राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे फॉन्ट ठेवलेत. तिन्ही मोफत. लांब मजकूर वाचायला शोभिका डोळ्यांना फार सुखाचा आहे.

खरी भिंत लागली ती युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेत देणारं जागतिक मानक, रुळण्याआधीच्या फॉन्टांपाशी. आपल्याकडच्या छपाईनं दोन-तीन दशकं त्या फॉन्टांवर काढली आहेत, आणि त्या काळात त्यांनी मराठी प्रकाशन उभं ठेवलं हे मी कृतज्ञतेनं म्हणते. पण त्या फाइलीत आत असतात इंग्रजी अक्षरांचेच संकेत, वर देवनागरीचा मुखवटा. त्यांची सॉफ्टवेअरं विंडोजसाठी केलेली. माझ्याकडे एका छपाईवाल्याकडून अजूनही जुन्या फॉन्टातल्या फाइली येतात, त्या मिंटवर उघडल्या की स्क्रीनवर निव्वळ चिन्हांची खिचडी. परिवर्तकातून युनिकोड करून घेता येतं, पण ते काम डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट: दिसतो शेवटी, साठवला जातो आधी. आता ‘आर्थिक’, ‘धार्मिक’, ‘मार्मिक’ हे शब्द घ्या. वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर. परिवर्तक तिथेच अडखळतो आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. पुस्तक अर्थशास्त्रावरचं असेल तर पानोपानी तेच. हा दोष मिंटच्या माथी मारता येणार नाही. विंडोज 11 घेतलं असतं तरी ही फाइल उद्या दुसऱ्या कुणाच्या मशीनवर अशीच उघडली असती. मी कामं देणाऱ्यांना आता आधीच सांगते, मजकूर युनिकोडमध्ये द्या. काहींनी ऐकलं, काहींना वेळ लागेल.

प्रिंटरचा अनुभव दोन टोकांचा आहे. बहिणीकडचा वाय-फाय असलेला नवा प्रिंटर यादीत आपोआप आला आणि ड्रायव्हर न टाकता छापू लागला. आमचा स्वतःचा जुना लेझर प्रिंटर, जो विंडोजवर इतकी वर्षं इमानानं छापत होता, तो काही केल्या चालला नाही, कारण त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर आजच्या लिनक्सशी जुळत नाही. सध्या पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवते. डिजिटल सहीचा डोंगल हीसुद्धा अशीच जागा. डोंगल ओळखला जातो, पण त्यावर सही उमटवणारी छोटी सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोज धरूनच केलेली असतात. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी तर विंडोज सोडायचा विचार करू नये, ते विंडोजचंच सॉफ्टवेअर आहे. मुलांच्या खेळांत व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत, हे घरात आधीच सांगून टाकलेलं बरं. नेटबँकिंग, व्हिडिओ कॉल, व्हॉट्सॲप वेब, शाळेची पोर्टलं, यांत मला काही अडलं नाही.

लोक बिचकतात ते सवयीमुळे, असं मला वाटतं. एमएस-सीआयटी करून नोकरीला लागलेल्या आपल्या पिढीसाठी संगणक म्हणजे विंडोज आणि वर्ड. पण केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकताहेत, आणि जर्मनीतलं श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य आपल्या कारभारातले सुमारे 30,000 संगणक लिब्रेऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर न्यायला निघालं आहे. माझ्या मुलाला सरावायला एक संध्याकाळ पुरली.

या सगळ्यात नव्या लॅपटॉपचा विचार मी केला नव्हता असं नाही. किंवा निदान रॅम 8 ची 16 जीबी करावी असं मनात होतं. पण 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव ज्या तऱ्हेनं चढले, ते ऐकून दुकानातून परत आले. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची खास मेमरी लागते आणि तेवढ्याच क्षमतेसाठी तिला साध्या डीडीआर5 रॅमच्या साधारण तिप्पट वेफर, म्हणजे चिप ज्यांवर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, खर्ची पडतात. साहजिकच कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. 3 डिसेंबर 2025 ला तर मायक्रॉननं जाहीरच केलं की क्रुशल या नावानं सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा आपण बंद करतोय. घरी बसून रॅम बदलणाऱ्या माणसाच्या ओळखीचं ते नाव. अशा वेळी चालतं मशीन केवळ एका तारखेमुळे टाकून महाग झालेलं नवं घ्यायचं, हे मला आर्थिकदृष्ट्या चुकीचं वाटतं आणि नैतिकदृष्ट्याही.

तेव्हा माझा कौल असा. काम ब्राउझरमध्ये, मेलमध्ये आणि युनिकोड मराठीत असेल तर मिंट खुशाल घ्या, काही अडणार नाही. जुन्या फॉन्टांच्या फाइली, टॅली किंवा डिजिटल सही यांवर पोट असेल तर आत्ता वाढीव अपडेट घेऊन ठेवा आणि 13 ऑक्टोबर 2026 च्या आत आपल्या फाइली युनिकोडमध्ये आणायला लागा. ते काम एका रात्रीत होत नाही. आणि कुणीही डिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून एक दुपार त्यावर घालवा. वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा बघा, घरातला प्रिंटर जोडून एक पान छापून बघा, आणि रायटरमध्ये जटिल लिपीची सोय चालू करून तुमच्या रोजच्या कामातली एक खरी फाइल उघडा.