तातेयामा-कुरोबे अल्पाइन मार्ग: मुरोदोला मुक्काम करणार असाल तरच

जपानच्या तोयामा आणि नागानो या दोन प्रांतांमधली डोंगररांग ओलांडणारा हा मार्ग जेमतेम ३७ किलोमीटरचा आहे. मात्र एवढ्या अंतरात केबलकार, बस, बोगद्यातली बस, रोपवे, पुन्हा केबलकार आणि पुन्हा बोगद्यातली बस अशी सहा वाहने घ्यावी लागतात आणि मध्ये धरणाच्या भिंतीवरून चालावे लागते. खासगी गाड्यांना येथे मज्जाव आहे. एका बाजूचे तिकीट दहा हजार येनांच्या वर जाते आणि जेआर पास (परदेशी पर्यटकांसाठीचा जपानी रेल्वेचा पास) चालत नाही, त्यामुळे पैसे वसूल होतात का, हा प्रश्न रास्त आहे. चौकशीच्या वेळी एका सहल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत मुरोदो या मार्गावरच्या सर्वांत उंच थांब्यासाठी ५० मिनिटे होती. तेवढ्यासाठी जायचे असेल तर माझे उत्तर 'नाही' असे आहे.

आम्ही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सत्तरीच्या आईला घेऊन, तोयामाच्या बाजूने चढलो. तातेयामा स्थानक ४७५ मीटरवर आहे आणि मुरोदो २,४५० मीटरवर. पहिल्या केबलकारसाठी वेळ ठरवून आधीच आरक्षण करता येते आणि ते करावेच. पुढचा ५० मिनिटांचा बसप्रवास खिडकीपाशी बसून करण्यासारखा आहे, कारण देवदारांचे जंगल हळूहळू खुजे होत जाते, मग नाहीसे होते आणि शेवटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाशिवाय काही उरत नाही.

हीच ती प्रसिद्ध बर्फाची भिंत. काही वर्षी ती २० मीटरच्या आसपास जाते. एप्रिलच्या मध्याला मार्ग उघडण्याआधी बर्फाखाली गडप झालेला रस्ता उपग्रहाच्या मदतीने शोधून बुलडोझरने मोकळा करतात. छायाचित्रांत ही भिंत पांढरीशुभ्र दिसते. जवळ गेल्यावर मात्र तिच्यात आडवे थर दिसतात, आणि त्यांपैकी काही पिवळसर असतात, कारण वसंतात चीन-मंगोलियाकडच्या वाळवंटांतून उडालेली धूळ इथवर येते आणि नव्या बर्फाखाली दबून राहते. हात पोहोचेल तिथपर्यंत पर्यटकांनी बोटांनी आपली नावे कोरलेली होती. आपल्या गडांवरच्या चुन्यात कोरलेल्या नावांची आठवण झाली. इथली निदान उन्हाळ्यात वितळून जातात.

दुपारनंतर धुके उतरले आणि समोरचा तातेयामा पर्वत दिसेनासा झाला. आम्ही तिथल्याच एका निवासात रात्र काढणार होतो, म्हणून हळहळ वाटली नाही. परतीच्या बसकडे धावणाऱ्यांना मात्र तो दिसलाच नाही. शेवटची बस गेल्यावर पठारावर जी शांतता पसरते, ती तिकिटाच्या माहितीपत्रकात कुठे छापलेली नाही. त्या धुक्यातच खुरट्या पाइनच्या झुडपापाशी राइचो दिसला. हा कोंबडीपेक्षा लहान हिमपक्षी शिकारी पक्ष्यांच्या भीतीने उघड्या उन्हात फारसा फिरकत नाही, ढगाळ हवेत मात्र बिनधास्त चरतो. त्याचे अंग अर्धे पांढरे, अर्धे तपकिरी झाले होते, डोळ्यावर लाल पट्टी होती आणि पायांवर बोटांपर्यंत पिसे होती. आईपासून दहा पावलांवर तो शांतपणे कोंब टिपत राहिला. आईला चढावर थोडा दम लागत होता, पण त्या पंधरा मिनिटांत तिने एकदाही 'चला' म्हटले नाही.

सकाळी लख्ख ऊन होते. तातेयामाच्या पोटातल्या बोगद्यात २०२४ च्या हंगामापर्यंत जपानमधली शेवटची ट्रॉलीबस (वरच्या तारांतून वीज घेणारी बस) धावत होती. आता तिथे बॅटरीवरची बस आहे. दहा मिनिटांच्या अंधाराखेरीज तिच्यात पाहण्यासारखे काही नाही. पुढचा १.७ किलोमीटरचा रोपवे मात्र मध्ये एकही खांब नसलेला आहे आणि सात मिनिटे खालची दरी अखंड दिसत राहते.

कुरोबे धरणावर घाई करू नये. १८६ मीटर उंचीचे हे धरण जपानमधले सर्वांत उंच आहे. तुलनेसाठी आपले कोयना धरण सुमारे १०३ मीटर आहे. १९५६ ते १९६३ या काळात कुरोबे धरण बांधताना १७१ माणसे गेली आणि त्यांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. सामान आणण्यासाठी खोदलेल्या बोगद्यात ठिसूळ खडकाचा अवघा ८० मीटरचा पट्टा लागला आणि थंडगार पाण्याच्या लोंढ्यांशी झुंजत तो पार करायला सात महिने गेले. पुढची बस त्याच बोगद्यातून जाते, आणि तो पट्टा निळ्या दिव्यांनी दाखवलेला आहे. तो काही क्षणांत मागे पडतो, म्हणून डोळे उघडे ठेवावेत. धरणातून पाणी सोडण्याचे दृश्य जूनअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच दिसते. बर्फाची भिंत पाहायला जाणाऱ्यांना ते सहसा मिळत नाही.

शाकाहारींची अडचण खरी आहे. सोबा या जपानी शेवयांच्या रश्शात मासळीचा अर्क असतोच आणि धरणाच्या आकाराचा भात असलेली प्रसिद्ध करीही आमच्या कामाची नव्हती. दशम्या, चटणी आणि मुरोदो स्थानकाबाहेरच्या झऱ्याचे दात शिवशिवणारे पाणी, यांवर आमचे भागले. मोठ्या बॅगा आदल्या दिवशीच सामान पोचवणाऱ्या सेवेकडे सोपवाव्यात, कारण सहा वाहनांत त्या चढवत-उतरवत बसलात तर डोंगराकडे मान वर करायला सवड मिळणार नाही.