जुन्या शंभर सीसीचं ‘मिसिंग’: खाऱ्या हवेत एक पावसाळा काढल्यानंतर

जुन्या शंभर सीसी मोटारसायकलच्या ‘मिसिंग’ची, म्हणजे चालता चालता इंजिनचा ठेका चुकण्याची, दुरुस्ती मे महिन्यात झाली. त्यावर अख्खा पावसाळा, गणपतीतली धावपळ आणि ऑक्टोबरचा उष्मा गेल्यावर कुठलं काम टिकलं आणि कुठलं नाही, ते इथे आहे. गाडी हिरो होंडाच्या १९८५ ची सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर या घराण्यातली: ९७.२ सीसी, कार्ब्युरेटर, एसी सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा). वापर बहुतेक रत्नागिरी ते गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने, मधूनच दाभोळ-धोपावे फेरीबोट, कधी आंबा घाट. म्हणजे खारं वारं, तांबडा चिखल आणि चढावर तापणारं इंजिन, तिन्ही आलं.

तक्रार नेहमीचीच. चालता चालता चावी फिरवल्यासारखी क्षणभर मरते आणि पुन्हा उचलते. कधी पूर्ण बंद पडते, थोडा वेळ उभी केली की पहिल्या किकला चालू. गॅरेजच्या दारात नेली की ठणठणीत. अशा गाडीला सगळ्यात आधी सीडीआय बदलण्याचा सल्ला मिळतो. इथे दुसऱ्या चालू गाडीचा सीडीआय लावून पाहिला, काडीचाही फरक पडला नाही. शेवटी निघाले ते दोन वेगळे दोष: एक ओलाव्याचा, एक तापण्याचा. एक बरा केला तरी दुसरा चालूच राहतो, म्हणून माणूस योग्य दुरुस्तीलाही चुकीची ठरवतो. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांमध्ये ही जोडी बरीच दिसते. त्यामुळे गाडी कधी बंद पडते, पावसात की तापल्यावर, हे आठवडाभर नुसतं लिहून ठेवलं तरी अर्धं काम होतं.

त्याआधी दोष पेट्रोलचा की करंटचा (म्हणजे प्लगच्या ठिणगीचा), हे ठरवून घ्यायचं. करंट तुटला की इंजिन एकदम गप्प होतं आणि परत येताना सायलेन्सरमध्ये फटका बसतो, कारण न जळलेलं मिश्रण तिथे साठलेलं असतं. पेट्रोल कमी पडलं की आधी ओढ मंदावते, गाडी हुंदके देते, चोक ओढला की क्षणभर सुधारते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलं तरी पंधरा-वीस मिनिटांनी गाडी बंद पडते आणि थांबल्यावर चालू होते. लक्षण हुबेहूब तापलेल्या कॉइलचं! बंद पडल्या पडल्या झाकण उघडायचं. ‘फुस्स’ झालं आणि गाडी थोड्याच वेळात सुरू झाली, तर वायरिंगला हात लावू नका. पावसाळ्यात आणखी एक बघा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सैल करून घोटभर पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाला वेगळा थर दिसला तर टाकीपासून सफाई करा.

करंट तपासायची आपल्याकडची रीत म्हणजे प्लग काढून हेडवर (सिलिंडरच्या वरच्या झाकणावर) टेकवायचा आणि किक मारायची. ठिणगी दिसली की ‘करंट ओके’. हे अर्धसत्य आहे. उघड्या हवेत ०.७ मिमीचं अंतर ओलांडायला फार व्होल्टेज लागत नाही, सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच्या कितीतरी पट लागतं. म्हणून ६ मिमी फट असलेला स्पार्क टेस्टर वापरावा. एवढ्या फटीतून निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी दर किकला आली तरच करंट चांगला. टेस्टर प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि प्लग कॅप मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते.

या गाडीची वायरिंग समजायला सोपी आहे. मॅग्नेटमधल्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागातल्या) एक्साइटर कॉइलचा एसी करंट (काळी-लाल वायर) सीडीआयमधला कपॅसिटर भरतो. पल्सर कॉइल (निळी-पिवळी) वेळेचा इशारा देते. कपॅसिटर एकदम रिकामा होऊन एचटी कॉइलला, म्हणजे प्लगसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला, (काळी-पिवळी) झटका देतो. हिरवी म्हणजे अर्थ. काळी-पांढरी चावीकडे जाते, आणि चावी बंद केली की ती अर्थला टेकते. करंटला बॅटरीची गरजच नाही, त्यामुळे ‘बॅटरी बदला, मिसिंग जाईल’ हा सल्ला या पिढीच्या गाडीला लागू नाही.

ओलाव्याचा दोष शोधायची खरी वेळ रात्रीची. दिवा बंद करून गाडी पडवीत चालू ठेवा आणि स्प्रे बाटलीत चिमूटभर मीठ घातलेलं पाणी घेऊन एचटी वायर, प्लग कॅप आणि कॉइलवर बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा. जिथून करंट गळतो तिथे निळसर धागे फ्रेमकडे उड्या मारताना दिसतात. इथे ते कॅपच्या मानेवर होते, जिथे वायर आत शिरते आणि रबराची कड कडक होऊन फाकते. काढलेली कॅप मल्टिमीटरला लावली तेव्हा ५ किलोओहम, अगदी बरोबर. तीच हाताने पिळली की आकडा ४० च्या पुढे उडायचा, सोडली की परत ५. अशी कॅप टेबलावर दर वेळी पास होते आणि खड्ड्यात नापास.

नवी कॅप रबरी सील असलेली, ५ किलोओहमची घेतली. बसवण्याआधी एचटी वायरचं टोक ८ मिमी कापलं. आतली तार काळी पडलेली असेल तर चमकदार तांबं दिसेपर्यंत कापत जायचं, पण आधी लांबी बघा. वायर ताणून प्लगपर्यंत पोचवली तर वर्षभरात वळणावर तडा जातो. कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसवायची, नुसती दाबून नाही. प्लग सीआर७एचएसए. यात सी म्हणजे १० मिमी आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ७ हा हीट नंबर आणि एच म्हणजे १२.७ मिमी लांबीचे आटे. फट ०.६ ते ०.७ मिमी. नवा प्लग बोटांनी शेवटपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा फेरा. जुना वॉशर दबलेला असेल तर जेमतेम टेकवायचा. १० मिमीचा प्लग उगाच आवळला की हेडचे आटे जातात, आणि ते काम महाग पडतं.

मग कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे जोड. खाऱ्या हवेत पितळी पिना ताकाच्या भांड्यासारख्या कळकतात आणि वर हिरवी पूड धरते. सीडीआयचा आणि मॅग्नेटकडून येणारा असे दोन्ही कपलर उघडले. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या पातळ पट्टीने घासल्या, सैल झालेली मादी पिन बारीक नोज प्लायरने अलगद दाबली. मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. ग्रीस करंट वाहून नेत नाही, ते फक्त पाणी अडवतं, तेव्हा आधी पिना घट्ट हव्यात. खरी मेख पिनेच्या मागे असते. खारं पाणी वायरच्या कव्हरखाली तारेतून वर चढतं, बाहेरून कव्हर नवं दिसतं आणि आत पाच-सहा सेंटिमीटर तांबं काळं ठिक्कर. अशा तारेला सोल्डर धरत नाही. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडायची, सोल्डर करायची, वर हीट श्रिंक ट्यूब.

अर्थिंगकडे दुर्लक्ष होतं, कारण ते दिसत नाही. एचटी कॉइल टाकीखाली फ्रेमला ज्या बोल्टने लावलेली असते त्याखाली रंग आणि गंज साचतो. मीटरच्या दोन पिना आधी एकमेकींना टेकवून मीटरचा स्वतःचा आकडा बघा. मग सीडीआयच्या हिरव्या वायरपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. तो आकडा वजा करून अर्ध्या ओहमच्या वर उरलं तर काम काढायला हवं. इथे कॉइलच्या बोल्टपासून इंजिनच्या बोल्टपर्यंत १.५ चौरस मिमीची वेगळी वायर टाकली, दोन्हीकडे रिंग टर्मिनल आणि खाली घासून उघडा केलेला धातू. पैसे नगण्य, गुण सगळ्यात जास्त.

काळ्या-पांढऱ्या वायरची चाचणी तर फुकट आहे. पावसात गाडी मरते आणि वाळल्यावर चालते, तेव्हा चावीच्या लॉकमध्ये गेलेलं खारं पाणी त्या वायरला अर्थ देत असण्याची दाट शक्यता असते. ती वायर सीडीआयजवळ सुटी करून टोक टेपने झाका आणि गाडी चालवून बघा. मिसिंग गेलं तर दोष लॉकमध्ये किंवा हँडलच्या मानेपाशी घासलेल्या वायरीत. चालू गाडीचं हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहिलं की मानेपाशी आहे का ते कळतं. मात्र वायर सुटी असताना चावीने इंजिन बंद होणार नाही. टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा.

एवढं झाल्यावर पावसातलं मिसिंग संपलं, पण आंबा घाट चढताना गाडी तापली की बंद पडणं चालूच होतं. हा दुसरा दोष. पल्सर कॉइलची बारीक तार आत कुठेतरी तुटून टोकाला टोक टेकलेली असते. तापून पसरली की सुटते, गार झाली की टेकते. या जातीच्या गाड्यांत पल्सर साधारण ५० ते २०० ओहम आणि एक्साइटर १०० ते ४०० ओहम दाखवते. पण गार गाडीवर हे आकडे बघून उपयोग नाही. बंद पडल्याक्षणी रस्त्याच्या कडेला कपलर सोडून मोजायचं. तांब्याचं रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतंच, १०० अंशांपर्यंत तापलेल्या कॉइलचा आकडा गार असतानापेक्षा पाव पटीहून थोडा जास्त येणं नॉर्मल आहे. इथे मीटरने सरळ ‘ओपन’ दाखवलं आणि इंजिन निवल्यावर आकडा आपोआप परत आला. घाटात थांबणं शक्य नसेल तर कॉइल काढून हेअर ड्रायरने तापवा, मीटर लावलेलाच ठेवा. जाता जाता मॅग्नेटच्या वायरी पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या कव्हरखालून जातात तिथे हात फिरवा. चेनचं ग्रीस आणि तांबडा चिखल यांचा थर साचून क्लिप सुटलेली असते आणि वायर चेनला घासते.

आता टिकाऊपणा. सील असलेली कॅप, अर्थ वायर आणि सोल्डरचे जोड पावसाळ्यानंतर उघडून पाहिले, जसेच्या तसे होते. सिलिकॉन ग्रीस लावलेल्या पिना पिवळ्याधमक. ज्या एका कपलरवर तुलनेसाठी फक्त पाणी हटवणारा स्प्रे मारला होता त्यात श्रावणातच हिरवी पूड दिसायला लागली. असा स्प्रे रस्त्यावर अडकल्यावर गाडी चालू करायला उत्तम, कायमचा उपाय म्हणून बाद. काळी इन्सुलेशन टेप तर काढूनच टाका, डिंक पाघळतो आणि आत खारं पाणी अडकतं. सीडीआयला प्लास्टिकची पिशवी बांधायची पद्धतही आपल्या दमट हवेत उलटते, पिशवीला आतून घाम फुटतो. त्यापेक्षा कपलरचं तोंड खाली करा आणि वायरला कपलरच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

नवी पल्सर कॉइल मूळ कंपनीची घेतली, कारण बाजारातल्या स्वस्त कॉइलच्या वायरीचं कव्हर हाताला फारच कडक लागलं. घाट तिने विनातक्रार काढले. एक खोड अजून आहे: मुसळधार पावसात फेरीबोटीवरून उतरल्यावर पहिल्या किलोमीटरला क्वचित एखादा ठेका चुकतो. चावीचं लॉक जुनंच आहे, संशय तिथेच. लॉक मिळेपर्यंत वर रबरी झाकण आणि समुद्राकाठून आल्यावर एक तांब्या गोडं पाणी हळू ओतून धुणं, एवढ्यावर चाललंय. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनला मात्र हेडलाइट आणि टाकीखालच्या भागाकडे फिरकू देऊ नका.