प्रॉक्समॉक्स आणि झेडएफएस, वर्षभर वापरून: रॅम वाढवण्याआधी एसएसडीकडे बघा

११ तारीख, जीएसटीआर-१ भरायचा शेवटचा दिवस, आणि टॅलीचं विंडोज व्हीएम (सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) बंद. हँग नाही, ब्लू स्क्रीन नाही, पॅनेलवर नुसतं 'स्टॉप्ड'. लॉगमध्ये कारण एका ओळीत होतं: आउट ऑफ मेमरी, केव्हीएम प्रोसेस (म्हणजे ते व्हीएमच) मारली.

आमचा सर्व्हर ६४ जीबी रॅमचा, सेकंडहँड. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचं व्हीएम चालवायचं फुकटचं सॉफ्टवेअर ईएसएक्सआय बंद झालं, म्हणून आम्ही तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्सकडे वळलो. (एप्रिल २०२५ मध्ये ते परत आलं, पण एकदा घर बदलल्यावर कोण पुन्हा सामान बांधतो.) व्हीएमना मिळून ४४ जीबी दिलेली. म्हणजे २० शिल्लक, असं कुणालाही वाटेल. पण झेडएफएसचा (डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टिम) आर्क, म्हणजे त्याची रॅममधली वाचनाची कॅश, जुन्या डिफॉल्टप्रमाणे निम्म्या रॅमपर्यंत जाते. ३२ आणि ४४ मिळून ७६. गरज पडली की आर्क जागा सोडतो हे खरं, पण सावकाश. तोवर कर्नल सगळ्यात जाडजूड प्रोसेसचा बळी घेतो, आणि आमच्याकडे ती टॅलीचीच.

प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या इन्स्टॉलेशनला आर्कची मर्यादा रॅमच्या १० टक्के, फार तर १६ जीबी, अशी आपोआप लागते. आमच्या व्हेंडरने जुन्या पेनड्राइव्हवरून ७.४ टाकून वर अपग्रेड मारला होता, त्यामुळे ती लागलीच नाही. त्याला फोन केला तर उत्तर: "सर, रॅम वाढवा." डीडीआर४ ईसीसीचे आजचे भाव ऐकून मालकांनी फोन माझ्याकडे परत दिला.

बलूनिंगही (व्हीएमची रॅम गरजेप्रमाणे कमी-जास्त करायची सोय) त्या दिवशी कामाला आलं नाही. होस्टची, म्हणजे मूळ सर्व्हरची, मेमरी ८० टक्क्यांवर गेली की ते व्हीएमकडून रॅम परत मागायला लागतं, पण विंडोजमध्ये व्हर्टआयओचा बलून ड्रायव्हर नसेल तर मागणी ऐकणार कोण? आमच्याकडे नव्हता. मजा म्हणजे आर्कही 'वापरलेल्या' मेमरीत धरला जातो, म्हणजे कॅशने जागा अडवायची आणि वसुली लिनक्सच्या गरीब व्हीएमकडून.

आर्कची कमाल मर्यादा ८ जीबी केली, इनिट्रॅमएफएस (बूट होताना लागणारी फाइल) नव्याने बनवून रीबूट केलं. त्यानंतर व्हीएम एकदाही मेलं नाही. इथवरचा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी साडेचार दिले असते.

पण टॅली अजून अडखळत होतीच, आणि मी पॅनेलच्या समरीमधल्या 'आयओ डिले'च्या (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ, टक्क्यांत) आकड्याच्या मागे लागलो. घरी जेवताना मोबाइलवर तोच आलेख. सीपीयू निवांत, रॅम मोकळी, आणि बिलं सेव्ह होताना आयओ डिले ४० च्या घरात.

कारण एसएसडी. दुकानातले साधे क्यूएलसी (स्वस्त, लिहायला मंद फ्लॅशचे), २ टीबीचे दोन, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. बॉक्सवरचा ५०० एमबीचा वेग आतली छोटी वेगवान एसएलसी कॅश भरेपर्यंतचा. त्याहून वाईट म्हणजे त्यांत पॉवर-लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी कॅशमधला डेटा वाचवणारे कपॅसिटर) नाही. डेटाबेस प्रत्येक नोंदीला 'डिस्कवर खरोखर लिहिलंस का?' विचारतो, कपॅसिटर असलेला एंटरप्राइझ एसएसडी स्वतःच्या कॅशच्या भरवशावर लगेच हो म्हणतो, साध्याला दर वेळी फ्लॅशपर्यंत जाऊन यावं लागतं. प्रॉक्समॉक्सचं पीव्हीईपर्फ चालवून एफसिंकचा (सेकंदाला असे किती पक्के 'हो' मिळतात) आकडा बघा: आमचा शेकड्यांत होता. कितीही रॅम घातली तरी हा आकडा हलत नाही, कारण आर्क फक्त वाचनाला कामाचा.

शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १.९२ टीबीचे वापरलेले एंटरप्राइझ एसएसडी मागवले. ज्यांना हेच करायचंय त्यांनी लक्षात ठेवा: २ टीबीच्या मिररमध्ये १.९२ची डिस्क 'रिप्लेस' होत नाही, लहान पडते. वेगळा पूल (झेडएफएसचा डिस्कगट) करून व्हीएमच्या डिस्क 'मूव्ह' कराव्या लागतात. त्या मात्र चालू व्हीएमवरही हलतात, आणि हे फुकटच्या सॉफ्टवेअरात मिळतं याचं मला अजून अप्रूप आहे. एफसिंक हजारांत गेले, आयओ डिले बहुतेक वेळ एकच्या खाली.

आता तक्रार फक्त रात्रीच्या बॅकअपची. चालू व्हीएम एखादा ब्लॉक बदलणार असेल तर त्याची जुनी प्रत आधी बॅकअपच्या जागी पोचावी लागते. बॅकअप जातो तो आमचा नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) म्हातारा, म्हणून व्हीएमही थांबून राहतं. ८.२ मध्ये आलेलं फ्लीसिंग सुरू केलं, ती प्रत आता आधी लोकल एसएसडीवर पडते. रात्रपाळीच्या स्टोअरवाल्याचे फोन थांबलेत. जुने क्यूएलसी मालकांनी विकू दिले नाहीत. सीसीटीव्हीच्या पीसीत घाला म्हणाले.