एकच हंगाम पाहायचा असेल तर: प्रीमियर लीग की बुंडेसलिगा?

युरोपातल्या मोठ्या फुटबॉल लीग ऑगस्टात सुरू होतात आणि मेअखेरीस संपतात. सगळ्या एकदम पाहणं कामधंदा असलेल्या माणसाला जमत नाही. हायलाइट्सवर भागवलं तर गोल दिसतात, हंगाम दिसत नाही. नोव्हेंबरात कोण घसरलं, फेब्रुवारीत कोणाचा आघाडीवीर जायबंदी झाला, एप्रिलमध्ये कोणत्या प्रशिक्षकाची खुर्ची डळमळली, हे कळायला एकाच गुणतक्त्याच्या मागे चिकाटीने लागावं लागतं. यंदा एकच लीग धरायची असं ज्यांनी ठरवलंय आणि ज्यांचं गाडं इंग्लंडची प्रीमियर लीग की जर्मनीची बुंडेसलिगा इथे अडलंय, त्यांच्यासाठी हा आढावा. इटली आणि स्पेनही ओघात येतील, पण ओझरतेच.

लीग निवडताना बहुतेक जण खेळाडूंची नावं पाहतात. मी म्हणेन, आधी नियम पाहा. खेळाडू जानेवारीत क्लब बदलून मोकळा होतो. किती संघ खेळणार, किती खालच्या विभागात जाणार, गुण सारखे झाले तर काय, मधे सुट्टी आहे की नाही, हे मात्र नऊ महिने बदलत नाही. आणि हंगामाची रंगत नेमकी तक्त्याच्या कोणत्या भागात साठणार, हे त्यावरूनच ठरतं.

वेळ किती आहे तुमच्याकडे?

प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकी ३८ सामने, एकूण ३८०. बुंडेसलिगात १८ संघ, प्रत्येकी ३४, एकूण ३०६. कागदावर फरक ७४ सामन्यांचा, पण खरा फरक मांडणीचा आहे. इंग्लंडमध्ये एक फेरी शुक्रवारपासून सोमवारपर्यंत पसरते आणि मोठ्या लढतींना स्वतंत्र वेळ मिळते. त्यामुळे पाहायला भरपूर मिळतं, पण तक्ता कायम वाकडा असतो. दोन-दोन देशांतर्गत चषक स्पर्धांमुळे लीगचे सामने पुढे ढकलले जातात. फेब्रुवारीत एखादा संघ २५ सामने खेळलेला, तर त्याच्या वरचा २६. 'एक सामना हातात आहे' हे वाक्य इंग्लिश फुटबॉलमध्ये जितक्या वेळा ऐकू येतं तितकं दुसरीकडे क्वचितच येत असेल.

जर्मनीत शनिवारी दुपारी साडेतीनची वेळ जवळजवळ पवित्र मानली जाते. एरवी त्या वेळी पाच सामने एकत्र सुरू होतात. तिथल्या वाहिन्या 'कॉन्फरन्स' नावाने एकच प्रक्षेपण दाखवतात: कुठे गोल झाला, कुठे पेनल्टी मिळाली की कॅमेरा थेट त्या मैदानावर. एका दुपारी अर्धा तक्ता डोळ्यांसमोर हलताना दिसतो. आठवड्यातून एकच दुपार देऊ शकत असाल तर ही सोय फार मोठी आहे.

शिवाय जर्मनीत डिसेंबरच्या उत्तरार्धात लीग काही आठवडे थांबते आणि जानेवारीत पुन्हा सुरू होते. इंग्लंडमध्ये नेमकं उलट. ख्रिसमसच्या आसपास सामन्यांची रांग लागते आणि दमलेल्या संघांचे पाय तिथेच लटपटतात. प्रेक्षक म्हणून मला ही दमछाक पाहायला आवडते. खेळाडूंचं मत वेगळं असणार.

जेतेपद: इथे जर्मनीची बाजू लंगडी

आडपडदा न ठेवता सांगायचं तर, 'विजेता कोण' हाच तुमचा एकमेव प्रश्न असेल तर बुंडेसलिगा घेऊ नका. २०१२-१३ ते २०२२-२३ असे सलग ११ हंगाम बायर्न म्युनिक जिंकलं. २०२३-२४ मध्ये प्रशिक्षक झाबी अलोन्सोच्या लेव्हरकुसेनने ही साखळी तोडली, तीही एकही सामना न हरता. २८ विजय, ६ बरोबऱ्या, ९० गुण. पुढच्याच हंगामात चषक पुन्हा म्युनिकला गेला. आणि लेव्हरकुसेनचा तो हंगाम कितीही देखणा असला तरी शर्यत म्हणून तो फसलेलाच होता. पाच सामने शिल्लक असतानाच, १४ एप्रिलला ब्रेमेनला ५-० हरवून त्यांनी निकाल लावून टाकला आणि शेवटी दुसऱ्या संघाहून १७ गुण पुढे राहिले.

मग इंग्लंडमध्ये दरवर्षी अटीतटी असते का? तसंही नाही. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत फक्त सात क्लब विजेते झाले. मँचेस्टर सिटीने २०२१ ते २०२४ असे सलग चार वेळा जेतेपद मिळवलं. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलने चार सामने राखून बाजी मारली. 'जगातली सर्वांत चुरशीची लीग' ही जाहिरात आहे, ती जाहिरात म्हणूनच वाचावी. मात्र चुरस झाली की तिथे ती टोकाची होते, हे मान्य. २०१८-१९ मध्ये सिटीचे ९८ आणि लिव्हरपूलचे ९७ गुण होते. ९७ गुण मिळवून दुसरं येणं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणं. २०१२ मध्ये तर मँचेस्टरचे दोन्ही संघ ८९ गुणांवर अडकले आणि अगुएरोने भरपाई वेळेत केलेल्या गोलमुळे सिटी गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) जिंकली.

जर्मनीकडेही असा एक दिवस आहे, २७ मे २०२३ चा. शेवटच्या फेरीआधी डॉर्टमुंड दोन गुणांनी पुढे होतं. घरचं मैदान, समोर माइन्झ. जिंकले की चषक त्यांचाच. पेनल्टी हुकली, पाहुण्यांनी दोन गोल मारले आणि कसाबसा सामना २-२ असा सुटला. तिकडे कोलोनमध्ये मुसियालाने ८९व्या मिनिटाला गोल करून बायर्नला २-१ जिंकून दिलं. दोघांचे ७१ गुण, गोलफरक बायर्नचा सरस. शेवटच्या फेरीतले सगळे सामने दोन्ही लीगमध्ये एकाच वेळी सुरू होतात, म्हणून असे दिवस घडतात.

तळ: इथे खरी निवड होते

माझ्या मते हंगामाची किंमत तक्त्याच्या तळाशी ठरते. विजेता एकच होतो. पण खाली जाण्याच्या भीतीत दरवर्षी सहा-सात संघ जगत असतात, आणि त्यांचे फेब्रुवारीतले रटाळ वाटणारे सामनेही त्या भीतीमुळे पाहण्यासारखे होतात.

प्रीमियर लीगमधून शेवटचे तीन संघ खाली जातात. पण अलीकडे ही लढाई वेळेआधीच संपू लागली. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही संघ, म्हणजे लूटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, लगेच परत गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन यांचंही तेच. साउदॅम्प्टनचा निकाल तर सात सामने शिल्लक असतानाच लागला आणि हंगामअखेर त्यांच्या खात्यात फक्त १२ गुण होते. त्याच वर्षी टॉटनहॅम ३८ गुणांसह १७व्या क्रमांकावर, म्हणजे पदावनतीच्या रेषेच्या जेमतेम एक पायरी वर, राहिलं. तरी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं नाही, कारण खालच्या लेस्टरचे गुण होते २५. वर, युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या दर्जाची स्पर्धा जिंकून हाच संघ चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे अव्वल क्लबांच्या स्पर्धेत गेला! या प्रकाराला काय म्हणावं ते तुम्ही ठरवा.

याचं मूळ पैशात आहे. इंग्लंडमधल्या तळाच्या क्लबलाही प्रक्षेपणातून मिळणारी रक्कम इतकी मोठी की दुसऱ्या विभागातून आलेल्या संघाला पहिल्याच उन्हाळ्यात ते अंतर भरून काढता येत नाही. परिणामी मधल्या फळीतले क्लब इतके सशक्त झालेत की कोणीही कोणाला हरवू शकतं, पण नवागत बुडतो. म्हणून इंग्लंडमधली खरी चढाओढ आता मधे आणि त्याच्या वर असते. २०२४-२५ च्या शेवटच्या दिवशी चॅम्पियन्स लीगच्या तीन जागांसाठी पाच संघ झुंजत होते: सिटी, चेल्सी, न्यूकॅसल, ॲस्टन व्हिला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट. न्यूकॅसल आपला सामना हरलं आणि तरीही आत गेलं, कारण व्हिलाही हरलं आणि दोघांच्या ६६ गुणांत गोलफरक न्यूकॅसलचा चांगला होता.

जर्मनीत शेवटचे दोन थेट खाली जातात. १६व्या क्रमांकाच्या संघाला दुसऱ्या विभागातल्या तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळून आपली जागा वाचवावी लागते. ऐकायला हा बारीकसा नियम आहे, पण त्याने हंगामाचा शेवट बदलतो. २०२२-२३ मध्ये स्टुटगार्ट १६वं आलं. या लढतीत त्यांनी हॅम्बुर्गला एकूण ६-१ असं हरवलं. ज्या हॅम्बुर्गने १९६३ पासून, म्हणजे बुंडेसलिगाच्या जन्मापासून, २०१८ पर्यंत एकही वर्ष वरचा विभाग सोडला नव्हता, त्यांना आणखी दोन वर्षं खाली काढावी लागली. आणि वाचलेलं स्टुटगार्ट? पुढच्या हंगामात दुसरं. बायर्नच्या वर, ७३ विरुद्ध ७२ गुणांनी. त्याच २०२३-२४ मध्ये हायडेनहाइम हा जेमतेम ५० हजार वस्तीच्या गावाचा क्लब पहिल्यांदाच वर आला आणि आठवा आला.

बुंडेसलिगाला 'बायर्न आणि बाकीचे' म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही. बायर्नची एक ओळ झाकून ठेवा. उरलेल्या १७ ओळी दरवर्षी इतक्या उलटसुलट होतात की अंदाज बांधणाऱ्याची फजिती ठरलेली.

मैदानाबाहेर काय सोसावं लागेल

जर्मनीत '५०+१' नियम आहे: क्लबमधली बहुमताची मतं सभासदांकडेच हवीत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कंपन्यांचे क्लब याला जुने अपवाद, आणि रेड बुल कंपनीच्या पाठबळावरचं लाइपझिग नियमाच्या शब्दांत बसतं पण चाहत्यांच्या मनात बसत नाही. याचा प्रेक्षकाला फायदा म्हणजे भरलेली, गाणारी स्टेडियम. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये २५ हजारांच्या आसपास लोक उभे राहून सामना पाहतात. तोटा म्हणायचा तर, हे चाहते गप्प बसत नाहीत. २०२३-२४ च्या हिवाळ्यात लीगने गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकले जात होते, सामने थांबत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत सोडला. मला तो विलंब खटकला नाही. तुम्हाला नव्वद मिनिटं अखंड हवी असतील तर खटकेल.

इंग्लंडमध्ये व्यत्यय सुनावणीच्या खोलीतून येतो. आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, एप्रिलमध्ये आणखी २ गेले. फॉरेस्टचे ४ कापले. तळाची लढाई चालू असताना तक्ता वकिलांच्या युक्तिवादावर हलतो, हे पचवायची तयारी ठेवा.

गोल जर्मनीत जास्त होतात म्हणून तिकडे जावं, हा सल्ला मात्र जुना झाला. प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ ला १२४६ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सव्वातीनच्या वर. त्या कारणाने निवड करू नका.

इटली, स्पेन

जेतेपदाचीच ओढ असलेल्याने सेरी आ पाहावी, असं मी आता सांगतो. युव्हेंटसची सलग नऊ जेतेपदं २०२० मध्ये थांबली आणि त्यानंतर इंटर, मिलान, नापोली, पुन्हा इंटर, पुन्हा नापोली. २०२५ मध्ये प्रशिक्षक कोंतेच्या नापोलीने ८२ विरुद्ध ८१ अशा एका गुणाने इंटरला मागे टाकलं. वरच्या दोघांचे गुण सारखे झाले तर तिथे चषकासाठी वेगळा निर्णायक सामनाच होतो. स्पेनमध्ये गुण सारखे झाले की आपसातल्या दोन लढतींचा निकाल पाहतात, त्यामुळे बार्सिलोना-रेआल लढतीला, म्हणजे 'क्लासिको'ला, तीन गुणांहून अधिक वजन येतं. पण २००४ मध्ये व्हॅलेन्सिया जिंकल्यानंतर २०२५ पर्यंत बार्सिलोना, रेआल आणि ॲटलेटिको सोडून तिथे कोणी विजेता झालेला नाही.

मग कोणी काय घ्यावं

आठवड्यात तीन-चार सामने पाहायला वेळ असेल, ओळखीचे चेहरे हवे असतील आणि चर्चेला चार माणसं हवी असतील तर प्रीमियर लीग. तिथे अव्वल क्लब न धरता पाचव्या ते बाराव्या क्रमांकातला एखादा धरा. वरच्यांनाही तो हरवू शकतो आणि शेवटच्या दिवसापर्यंत युरोपचं दार त्याला उघडं असतं.

शनिवारची एकच दुपार मोकळी असेल तर बुंडेसलिगा, आणि ती पहिल्या फेरीपासून. डिसेंबरची सुट्टी आली की तक्ता आपोआप अर्ध्यावर थांबतो, चुकलेलं भरून काढता येतं. उशिरा, जानेवारीत सुरुवात करणार असाल तरी जर्मनीच सोपी पडेल, कारण तेव्हा बहुतेक सगळ्यांचे सामने सारखे झालेले असतात.

माझं मत जर्मनीकडे झुकतं, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. तिकडे गेलात तर ३४वी फेरी झाली म्हणून टीव्ही बंद करू नका. १६व्या क्रमांकाच्या संघाचे दोन सामने अजून उरलेले असतात. मे २०२५ मध्ये तिथे हायडेनहाइम होतं, समोर जेमतेम १३ हजार वस्तीच्या गावातलं एल्व्हर्सबर्ग. पहिला सामना २-२. दुसरा ९५व्या मिनिटापर्यंत १-१ होता, आणि मग हायडेनहाइमने गोल केला.