स्टिकरवर ९ व्होल्ट, आत १२

माझ्या मुलीचा चार सप्तकांचा छोटा कीबोर्ड बारा वर्षांचा आहे आणि त्यात आजवर काहीही बिघडले नव्हते. बिघडला तो त्याचा अ‍ॅडॅप्टर. पिनेजवळ वायर तुटली, दोनदा डाग देऊन काम भागवले आणि गेल्या महिन्यात तो पूर्णच बंद पडला. त्याच्या बदली दुसरा घेताना नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, माझी जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहीत आहे, कारण मी काही माहिती न घेता बाजारात गेले नव्हते.

घरून निघताना कीबोर्डच्या मागच्या बाजूचा फोटो काढून घेतला होता. त्यावर ९ व्होल्ट, ८५० मिलिअ‍ॅम्पियर आणि ध्रुवतेची खूण स्पष्ट होती: मधल्या ठिपक्याला वजा. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांच्या पिनेत आतला भाग अधिक असतो, जुन्या कीबोर्डांत मात्र तो अनेकदा उलट असतो. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अ‍ॅम्पियर लिहिलेल्यापेक्षा जास्त असले तरी चालतात, कारण उपकरण आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढते, हेही मला ठाऊक होते.

बर्डीवरच्या मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांपैकी एकीत असलेल्या दुकानात फोटो दाखवला. दुकानदाराने आतून बिनखोक्याचा काळा अ‍ॅडॅप्टर आणला, त्यावरच्या स्टिकरवर ९ व्होल्ट, १ अ‍ॅम्पियर असे छापलेले मला बोटाने दाखवले, आणि पिन उलट्या ध्रुवतेची हवी म्हटल्यावर तिथेच वायर कापून, दोन्ही तारा अदलाबदल करून, डाग देऊन, वर टेप गुंडाळून दिली. त्याचा हात इतका सफाईदार होता की माझी शंका तिथेच मावळली. मी बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, "बिल घेतलं तर अठरा टक्के वरून लागन जी, अन् नाही चालला तर मी इथंच बसून राहतो." मी ४५० रुपये मोबाइलवरून दिले आणि बिलाशिवाय निघाले. ही माझी पहिली चूक, आणि ती पूर्णपणे माझी.

घरी कीबोर्ड वीसेक मिनिटे वाजला. मग आवाज घोगरा झाला, स्पीकरच्या जाळीतून जळका वास आला आणि आवाज गेला. डिस्प्ले मात्र उजळलेलाच होता. आमच्या वस्तीतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी आधी कीबोर्ड न उघडता अ‍ॅडॅप्टरच मागितला आणि पिनेला मल्टिमीटर लावला. आकडा आला १२.२.

मी दुकानात परत गेले. दुकानदार जराही न गडबडता म्हणाला की लोड नसताना व्होल्ट जास्तच दिसतात. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. आत तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असलेला जुना, जड अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्टचा असूनही मोकळा असताना बारा-तेरा दाखवू शकतो, आणि उपकरण जोडल्यावर खाली येतो. मी निरुत्तर होऊन परतले.

काकांनी मात्र अ‍ॅडॅप्टर तळहातावर तोलला आणि म्हणाले, "हा ट्रान्सफॉर्मरचा नाहीच, किती हलका आहे पहा." हलके, स्विचिंग पद्धतीचे अ‍ॅडॅप्टर लोड असो वा नसो, जवळजवळ तेवढेच व्होल्ट देतात. खात्रीसाठी त्यांनी २२ ओहमचा, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर पिनेला जोडला, म्हणजे अर्ध्या अ‍ॅम्पियरहून थोडा अधिक प्रवाह वाहू लागला. रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापला, तरी मीटरवर ११.९ कायम. मग त्यांनी ब्लेडच्या टोकाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसरे, जुने स्टिकर होते आणि त्यावर १२ व्होल्ट लिहिलेले होते.

कीबोर्डमधली आवाज वाढवणारी आयसी, म्हणजे चिप, जळली होती. बाकीच्या सर्किटला व्होल्ट आटोक्यात ठेवणारा वेगळा रेग्युलेटर असल्यामुळे ते वाचले. आयसी बदलायला ६५० रुपये लागले. काकांनी कीबोर्ड सहा सेल घालून वाजवून दाखवला. सहा सेल, प्रत्येकी दीड व्होल्ट, म्हणजे नऊ. हा हिशेब कीबोर्डच्या पोटातच होता, आणि तो पाहून मला उगाचच ओशाळल्यासारखे झाले.

वरच्या स्टिकरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही होते. अशा अ‍ॅडॅप्टरांना ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते आणि चिन्हासोबत 'आर' या अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला तर निर्माता आणि वस्तू दिसते. मी टाकला, तर तो भलत्याच वस्तूचा निघाला. हे दुकानात उभ्या उभ्या मिनिटभरात करता आले असते.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी त्या दुकानात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. तिसऱ्या फेरीत मी हे शांतपणे सांगितले आणि मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद दाखवली. तेव्हा तो ४५० रुपये परत द्यायला तयार झाला, अट एकच: अ‍ॅडॅप्टर परत द्यायचा.

मी दिला नाही. तो काउंटरच्या आत गेला असता तर संध्याकाळपर्यंत नवे स्टिकर लागून दुसऱ्या कुणाच्या घरी पोहोचला असता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. अ‍ॅडॅप्टर, सोललेले स्टिकर आणि पैसे दिल्याच्या नोंदीची प्रिंट एका पाकिटात घालून कपाटात ठेवली आहेत. नवा अ‍ॅडॅप्टर अजून घेतलेला नाही. कीबोर्ड सध्या सेलवर वाजतो आहे.